आयुर्वेदिक औषधांवरच्या जीएसटीचा दर सारखा झाला म्हणून 'शास्त्रोक्त की पेटंट' हा वाद मिटला?

करपाटी: "22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवर सरसकट 5 टक्के जीएसटी, शास्त्रोक्त की पेटंट हा वकिलांनी पोसलेला वाद एकदाचा मिटला," असं परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं. एक तर सरसकट नाही. 33 औषधं 12 वरून थेट शून्यावर गेली. आणि वाद तर मुळीच मिटलेला नाही. शास्त्रोक्त म्हणजे ग्रंथातल्या पाठाने (कृतीने) आणि ग्रंथातल्याच नावाने केलेलं औषध, पेटंट म्हणजे कंपनीचं स्वतःचं. ऑक्टोबर 2017 मध्ये ब्रँड नसलेल्या, म्हणजे शास्त्रोक्त, आयुर्वेदिक औषधाचा दर 5 वर आणला, ब्रँडवाल्याचा 12 च राहिला. तेव्हाचा माल कुठल्या रकान्यात बसतो यावरून कर खात्याची निघालेली नोटीस, आता दर उतरला म्हणून रद्द होत नाही. सात टक्क्यांचा फरक, वर व्याज, वर दंड. गिऱ्हाइकाकडून तो आता वसूल होणार आहे का? छोट्या कारखानदाराच्या खिशातूनच जाणार.

गल्ला: छोट्या कारखानदाराच्या नावाने किती दिवस गळा काढणार? डबीवर ठळक अक्षरात स्वतःचं नाव, जाहिरात त्याच नावाची, आणि कर भरायची वेळ आली की म्हणे आम्ही ग्रंथोक्त. माझं औषधाचं दुकान आहे. लोक ते नाव घेऊनच माल मागतात. हा ब्रँड नाही तर काय?

करपाटी: उत्पादकाचं नाव वेगळं आणि औषधाचं नाव वेगळं. अॅस्ट्रा फार्मास्युटिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. वेष्टनावर कंपनीची खूण आहे एवढ्यावरून औषध 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी' ठरत नाही. बनवणाऱ्याचं नाव न छापता औषध विकता तरी येतं का?

गल्ला: तो निकाल अबकारीचा, म्हणजे जीएसटीआधीच्या उत्पादनावरच्या कराचा, तेव्हाच्या व्याख्येवरचा. जीएसटीत शब्द वेगळे आहेत. जुना निकाल जसाच्या तसा चिकटवू नका.

वैद्य_नि: तुम्ही दोघं डबीच वाचत बसलात. आत काय आहे ते कोण बघणार? खोकल्यावरचं सितोपलादी चूर्ण घ्या. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन (बांबूच्या पेरातले पांढरे खडे) 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. यात ज्येष्ठमध घालून सिरप केलं तर ते पेटंट, मान्य. पण वंशलोचन महाग म्हणून तवकीर, म्हणजे स्वस्त स्टार्चची पूड, घातली आणि नाव तेच ठेवलं, तर पाठ ग्रंथातला राहिला का? अबकारीच्या काळात पाठही ग्रंथातला आणि नावही ग्रंथातलं अशी दुहेरी अट होती. नाव सगळे बघत, पाठ कुणी तपासला? एका फार्मसीच्या डबीने माझ्या आईचा खोकला हटेना. शेवटी त्या चूर्णावर आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च असल्यासारखं काळंनिळं झालं. तवकीरच होती!

रसशाळा: वैद्यबुवा, पिंपळीतही स्टार्च असतं. तयार चूर्णावर आयोडीन टाकून तवकीर सिद्ध होत नाही. चाचणी वंशलोचनाच्या खड्यावर करायची असते. अशा अर्धवट प्रयोगांवरून आख्ख्या धंद्याला चोर ठरवू नका.

वैद्य_नि: ठीक, आयोडीनचा मुद्दा सोडला. पण त्या भावात खरं वंशलोचन आठ भाग पडतं का, ते सांगा. रसशाळा चालवता ना? खरेदीची बिलं दाखवा.

रसशाळा: तुम्हाला कशाला दाखवू? तपासायला एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आहे. आमच्या परवान्यावर सितोपलादी शास्त्रोक्त म्हणूनच नोंदलंय.

गल्ला: औषधाच्या परवान्याने कराचा प्रश्न सुटत नाही. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचं काय झालं? घटक आयुर्वेदातले, तरीही आधी एकदा आणि पुन्हा 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध मानलं नाही. दुसऱ्या वेळचा खटला नागपूरच्या अबकारी आयुक्तालयाचा. लोक त्याला काय म्हणून विकत घेतात, हेच वजनदार ठरलं.

करपाटी: लोकव्यवहाराची कसोटी तुमच्या बाजूने जाते, नाइलाजाने का होईना मान्य. पण तिथे प्रश्न औषध की दंतमंजन असा होता. इथे माल औषधच आहे हे दोन्ही पक्षांना कबूल आहे, भांडण फक्त नावावरचं. म्हणून माझी मागणी साधी आहे: जिथे खरोखर संदिग्धता होती, तिथे ज्याने जो दर भरला तो जीएसटी परिषदेने आहे तसा नियमित करावा, फरक मागू नये. इतर मालाबाबत परिषदेने हे केलेलं आहे.

गल्ला: आणि ज्यांनी वाद नको म्हणून निमूटपणे 12 भरले, त्यांचा परतावा? तशा कंपन्यांचा माल त्याच फळीवर महाग पडून विकला गेला नाही. त्यांचं काय, ते आधी सांगा.