मदत हवी आहे: पटकथेच्या श्रेयावरून मावसभावाशी वाद

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. मावसभाऊ आणि मी मिळून एक मराठी लघुपट करतोय. लिहिते मी, दिग्दर्शन त्याचं. चित्रीकरण राजवाड्यामागच्या एका जुन्या वाड्यात.

आम्ही कडाडून भांडतो आणि त्यातून काम सुधारतं, हे मान्य. सासू-सुनेच्या संवादांचा अख्खा प्रसंग त्याने उडवला आणि फक्त सून देवघराचं दार लावून घेते एवढंच ठेवलं. सरस झालं, खोटं कशाला बोलू! पण त्या जोरावर आता 'पटकथा' खाली त्याला दोघांची नावं हवीत. माझं म्हणणं, सुचवणं वेगळं आणि कागदावर उतरवणं वेगळं. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी 'सामना' (१९७५), 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२) असे तीन चित्रपट केले. 'सिंहासन'मध्ये तर अरुण साधूंच्या कादंबऱ्यांचा आधार, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन पटेलांचं. कुणाचं काय, ते स्पष्ट.

इथे कुणी लेखक-दिग्दर्शक जोडीने काम केलंय का? दिग्दर्शकाने किती बदल केले की तो सहलेखक धरायचा? दोघांतल्या कराराचा मराठी नमुना असेल तर हवाय. (मावशी म्हणते, घरात कसले कागद! म्हणूनच घाई.) शिवाय मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन पटकथा नोंदवायचा विचार आहे. पहिला खर्डाच नोंदवावा की बदल पक्के झाल्यावरचा? चित्रीकरण दिवाळीनंतर आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.