साडेचार लाखांचं घड्याळ रोज वेगळा वेळ चुकवतं, याला ‘यांत्रिक घड्याळाचा स्वभाव’ म्हणायचं का?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

वाळूज एमआयडीसीत क्वालिटी विभागात माझी २२ वर्षं गेली. मुलीचं शिक्षण पूर्ण झालं, तेव्हा मनात धरून ठेवलेली एकच हौस केली: स्विस ऑटोमॅटिक घड्याळ, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं. किंमत साडेचार लाख. सोबत क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र, म्हणजे दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढीच मुभा.

पहिलं वर्ष दिवसाला २ सेकंद पुढे जायचं. मी खूश होतो. आता तिसऱ्या वर्षी कधी ३ सेकंद मागे, कधी ९, एकदा १४. रात्री काढून ठेवलं की जास्तच मागे पडतं. मराठवाड्यात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून मुंबईला पाठवलं. ९ आठवड्यांनी परत आलं, सोबत ‘मर्यादेत आहे’ असा शेरा. चार महिन्यांत पुन्हा तेच सुरू.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा दोष आहे आणि कंपनीनं तो दोष म्हणूनच मान्य करावा. ‘मेकॅनिकल आहे, चालायचंच’ हे उत्तर मला मान्य नाही.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, राग समजतो, पण यंत्राकडून तुम्ही नको ते मागताय. ताशी २८,८०० ठोके, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. एवढं करून दिवसाला १० सेकंद चुकलं, तर चूक जेमतेम ०.०१ टक्का. सेल नाही, चिप नाही, नुसती स्प्रिंग आणि चाकं!

अचूक वेळेचा प्रश्न जपानच्या सेइको कंपनीनं १९६९ च्या डिसेंबरात क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे सेलवर चालणारं घड्याळ आणून मिटवला. आज हजार रुपयांचं सेलचं घड्याळही महिन्याला १५-२० सेकंदांच्या आतबाहेर चालतं. यांत्रिक घड्याळाला आपण पैसे मोजतो ते कारागिरीचे. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता दिवसाला अर्धा मिनिट पुढे जायचं. सकाळी रेडिओच्या बातम्यांना ते काटा जुळवायचे आणि विषय संपायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

वाळूजकर

तुमच्या वडिलांचं घड्याळ *रोज* अर्धा मिनिट पुढे जायचं. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

आमच्या कामात मोजमापाचं गेज ५ मायक्रॉन जास्त दाखवत असेल तर चालतं, तेवढे वजा करतो. पण सकाळी २ आणि दुपारी ९ जास्त दाखवणारं गेज त्याच दिवशी बाजूला काढतो. ठरलेला फरक दुरुस्त करता येतो, भटकणाऱ्या फरकाचं काही करता येत नाही. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचं एच-४ घड्याळ १७६१ साली जहाजातून जमैकाला निघालं. प्रवासात ते सुमारे ५ सेकंद चुकलं, तेही त्याचा आधी सांगून ठेवलेला रोजचा फरक धरून. अडीचशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. मग आज प्रमाणपत्र देणाऱ्याकडून मी ही अपेक्षा का ठेवू नये?

आणि टक्केवारीचं म्हणाल तर मुभा त्यांनीच लिहून दिली आहे, मी ठरवलेली नाही.

भट्टीवाला (जालना)

आधी मॅग्नेट तपासा. आमच्या स्टील कारखान्यात क्रेनला भंगार उचलायचं मोठं चुंबक असतं. त्याच्या जवळ जाऊन माझं घड्याळ एका पाळीत पाच मिनिटं पुढे गेलं होतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळवाल्यानं दोन मिनिटांत डीमॅग्नेट करून दिलं. बहुतेक वेळा दोष घड्याळाचा नसतो, वापरणाऱ्याचा असतो. मोबाइलच्या कव्हरात चुंबक असतं, स्पीकरमध्ये असतं.

परभणीची मास्तरीण

भट्टीवाले दादा, त्यांचं घड्याळ मागे पडतंय, तुमचं पुढे गेलं होतं. चुंबक लागलं की बहुधा पुढेच जातं. आणि फोनशेजारी ठेवल्यानं बिघडत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा कसा? १५,००० गाउसच्या (गाउस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकाला टिकणारी घड्याळं आज बाजारात आहेत.

मला शंका उन्हाची आहे. क्रोनोमीटरची चाचणी ८, २३ आणि ३८ अंशांवर होते. परभणीत मे महिन्यात ४३ सहज जातं. एका अंशामागे ०.६ सेकंदांपर्यंत फरक त्या मानकात चालतो. तोच हिशेब पुढं नेला तर वरच्या ५ अंशांचे ३ सेकंद. हातात असलेलं घड्याळ अंगाच्या उष्णतेजवळ राहतं. पत्र्याच्या खोलीतल्या टेबलावर काढून ठेवलेलं मात्र तापतं.

वाळूजकर

ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वही काढून पाहिली. पण १४ सेकंदांचा दिवस जानेवारीतला आहे.

घडीसाजाचा लेक (लातूर)

गंजगोलाईत आमचं दुकान आजोबापासून आहे. वाळूजकर काका, रात्री काढून ठेवल्यावर जास्त मागं पडायलंय, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढं गेलात, खरी खूण तीच आहे.

बॅलन्स व्हील, म्हणजे मागंपुढं झोके घेऊन वेळ राखणारं चाक, एका बाजूला किती अंश झोका घेतं, त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. चावी पूर्ण भरलेली अन् डायल वर असताना चांगल्या घड्याळात तो २७० ते ३१० असतो. वंगण सुकलं किंवा कुठं घर्षण वाढलं की झोका पडतो. २२० च्या आसपास चाकाच्या तोलातली चूक वेळेत दिसत नाही, त्याच्या खाली गेलं की तीच चूक उलटी दिसायला लागते. म्हणून फरक रोज वेगळा. मालक कधी किती हिंडला, चावी किती भरली, तेवढ्यावर आकडा बदलतो.

सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलले नसतील. चावी भरून ताजं ताजं मोजलं तर सरासरी मर्यादेत येते. २४ तासांनी मोजलं का, हे विचारा. अन् प्रमाणपत्र देताना चाचणी केसमध्ये बसवण्याआधी नुसत्या मशिनची झालेली असते, हेही लक्षात घ्या.

माझी तक्रार दुसरीच आहे. उघडून बघावं म्हणलं तरी बऱ्याच मोठ्या स्विस कंपन्या बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देत नाहीत. हात आहे, अवजार आहे, पण पार्ट नाही!

गोदाकाठ

लेकाचं पटलं. वंगण तिसऱ्याच वर्षी दगा देत असेल, तर तो स्वभाव म्हणता येणार नाही, तेवढं मागे घेतो.

पण एक गोष्ट सोडत नाही. अचूकतेचा हट्ट वाढला म्हणून कंपन्या सिलिकॉनच्या स्प्रिंगा घालतात. चुंबक लागत नाही, हे खरं. पण ती स्प्रिंग तुटली तर लातूरचा कुठलाच कारागीर ती नीट करू शकणार नाही. वडिलांचं जनता मी आजही वापरतो, कारण ते उघडता येतं. सेकंद वाचवताना दुरुस्ती हातातून जाणार असेल, तर मला अर्धा मिनिट चुकलेलं चालेल.

परभणीची मास्तरीण

पण आत्ताही साडेचार लाखांचं घड्याळ लातूरला दुरुस्त होतच नाहीये, दादा. सेकंदही गेले आणि दुरुस्तीही गेली. काका, २४ तासांनंतरचं माप कागदावर घ्या आणि त्यांनी दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा.

वाळूजकर

लेका, शनिवारी दुपारी लातूरला येतो. चावी तुझ्यासमोर पूर्ण भरू, पहिलं माप घेऊ आणि घड्याळ तुझ्याकडंच न हलवता ठेवू. रविवारी त्याच वेळेला पुन्हा माप, सहाही पोझिशनमध्ये, म्हणजे डायल वर, डायल खाली आणि चारी बाजूंना उभं धरून. मागचं झाकण उघडायचं नाही, वॉरंटी चालू आहे. बहीण औसा रोडला राहते, मुक्काम तिच्याकडं. आकडे इथंच टाकतो, चांगले आले तरी.