टर्न-बेस्ड गेममधली टंचाई: डावपेच की निव्वळ लॉटरी?

सातरस्ता (धागाकर्ता)
सिव्हिलायझेशन ५ (शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा गेम) वरून आमच्या ग्रुपात परत वाद पेटलाय, म्हणून इथं टाकतोय. टर्न-बेस्ड म्हणजे आळीपाळीनं चाली करायच्या गेममध्ये साधनांची टंचाई हवीच. नाहीतर दर टर्नला दिसेल ते बांधत सुटायचं, त्यात डोकं कुठं लागतं? पण नकाशा पडतानाच जी ठरून जाते ती टंचाई नव्हे, लॉटरी.

सिव्ह ४ मध्ये लोखंडाची एक खाण जोडली की तलवारवाल्या तुकड्या हव्या तितक्या. २०१० ला पाचवा भाग आला आणि एका तुकडीला एक लोखंड असा हिशेब बसला. ऐकायला झकास. पण लोखंड नकाशावर दिसायला लागतं तोवर शहरं वसवून झालेली असतात. मग कळतं की आपल्या हद्दीत कणभर नाही आणि शेजाऱ्याच्या दारात ढीग. यात माझा निर्णय कुठं चुकला?

सहाव्या भागाच्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारानं (२०१९) हे बरंच सावरलं. लोखंड दर टर्नला साठत जातं, तुकडी काढताना खर्ची पडतं, आणि साठ्याला सुरुवातीला ५० ची मर्यादा. एकच खाण असली तरी सैन्य उभं राहतं, हळूहळू का होईना. गरीब आहात, पण डावात आहात.

माझं म्हणणं एवढंच: टंचाई येताना दिसली पाहिजे, आणि तिच्यातून निघायला एक महागडी वाट असली पाहिजे.

लूमवाला_पोरगा
दिसली पाहिजे, मान्य. महागडी वाट अजिबात मान्य नाही. लोखंड नाही ना? मग शेजाऱ्यावर चालून जा, त्याच्याशी सौदा कर, नाहीतर धनुर्धारी घेऊन शहर धरून बस. हाच तर गेम आहे बे! सगळ्यांना थोडं थोडं वाटून दिलं की सगळ्यांचे डाव एकसारखे. मला जे डाव अजून आठवतात ते सगळे कशाच्या ना कशाच्या अभावाचे आहेत. भरल्या घरचा एकही आठवत नाही.

गंधक_संपलं
दोघांनीही हिरोज ३ चं नाव घेतलं नाही, कमाल आहे. १९९९ चा गेम, शहरं सांभाळायची आणि फौजा घेऊन लढायचं. सोनं, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं अशी सात साधनं. लाकूड-खनिजाच्या खाणीतून रोज २, दुर्मिळ चारांच्या खाणीतून रोज १, सोन्याच्या खाणीतून १०००. एका ब्लॅक ड्रॅगनला ४००० सोनं आणि वर २ गंधक.

गंधकाची खाण नाही? बाजारात जा. एकच बाजार असेल तर भाव ऐकून पोटात गोळा येतो. ताब्यातले बाजार वाढतील तसा भाव उतरतो. ही झाली सातरस्ता यांची महागडी वाट, तीही गॅदरिंग स्टॉर्मच्या २० वर्षं आधी.

शिवाय शहरात दिवसाला एकच इमारत, आणि फौजेची नवी भरती आठवड्याच्या पहिल्या दिवशी. खजिना भरलेला असला तरी उद्याची इमारत आज होत नाही. खरी टंचाई तिथं दिवसांची आहे. बॅलन्सवर, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी यावर, बोलणारे लोक खाणी मोजत बसतात आणि हे विसरतात.

लूमवाला_पोरगा
बाजारानं सात साधनांचं एकच साधन होतं ओ. सगळं सोन्यात मोजायचं. आणि भाव कुणाला स्वस्त? ज्याच्याकडं आधीच शहरं जास्त त्याला! वाट हरणाऱ्यासाठी म्हणायची आणि सवलत जिंकणाऱ्याला द्यायची. याला बॅलन्स म्हणायचं?

शेंगाचटणी
वेसनॉथ हा लढायांचा टर्न-बेस्ड गेम कुणी खेळतं का? फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही पळतो. गावं ताब्यात तितकं उत्पन्न. बऱ्याच मोहिमांत उरलेल्या सोन्यातलं ४० टक्केच पुढच्या लढाईत जातं, लवकर जिंकलात तर बोनस. हेतू चांगला. पण एक लढाई रडतखडत जिंकली की पुढची कमी सोन्यावर, त्याच्या पुढची अजून तंगीत. डाव दुसऱ्या लढाईत गेला होता हे पाचव्या लढाईत कळतं. मग काय, जुनं सेव्ह उघडा. सातरस्ता म्हणतात तसं 'येताना दिसणं' इथं नाहीच.

माझा स्वभाव साठवायचा. त्यावर औषध एक्सकॉम या परग्रहवासीयांशी लढायच्या गेमच्या एनिमी विदिन विस्तारानं (२०१३) दिलं. मेल्डचे (शिपाई सुधारायला लागणाऱ्या साधनाचे) डबे ठराविक टर्नांत गाठले नाहीत तर आपोआप नष्ट. त्या लोभापायी किती शिपाई घालवले, विचारू नका. एक्सकॉम २ नं (२०१६) असंच घड्याळ बऱ्याच मोहिमांना लावलं, तर लोकांनी ते काढून टाकायचे मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले बदल) घातले. गेमचं बरोबर होतं, लोकांचं चुकलं.

सातरस्ता
जिंकणाऱ्याला स्वस्त भाव, हा मुद्दा टोचला. त्यावर उपाय सोलापूरकराला समजावून सांगायला लागू नये: उजनी. धरण साधारण ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट), त्यात ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे आपसूक बाहेर न येणारं तळाचं पाणी. शून्य टक्के म्हणजे रिकामं नव्हे, खाली अर्ध्याहून जास्त पाणी असतं, म्हणून तर उजनी मायनसमध्ये जाते. तसलं पाणी शहरापर्यंत आणायला दुबार पंपिंगचा खर्च. आणि पाऊस आला तरी आधी तो खड्डा भरतो, मग प्लस.

तसंच लोखंडाचं करा. साठा शून्याखाली नेता यावा. वजातून काढलेल्या तुकडीला दुप्पट टर्न लागतील, आणि खाणीतून येणारं नवं लोखंड आधी खड्ड्यात जाईल. दर सगळ्यांना सारखा, शहरं दोन असोत की वीस.

लूमवाला_पोरगा
आयडिया लई भारी, पण मी काय करीन सांगू? पहिल्या दहा टर्नांत खड्डा तळापर्यंत खरवडीन, शेजाऱ्याचं एकुलतं शहर घेईन, त्याच्याच खाणीवर उधारी फेडीन. तुमची वाट गरिबासाठी, आणि तिच्यावरनं पहिला धावणार तो दरोडेखोर. शिवाय एआयला, म्हणजे कॉम्प्युटर जो खेळाडू चालवतो त्याला, उधारी कशी शिकवणार? एकतर तो वजात जाणारच नाही, नाहीतर कायम तिथंच पडून राहील.

सातरस्ता
खड्डा बांधलेल्या कोठाराएवढाच खोल ठेवायचा. दहाव्या टर्नला कोठारच नसतं, तर खरवडणार काय? एआयचं मात्र अवघड आहे, ते खरं.

गंधक_संपलं
इनटू द ब्रीच (२०१८) बघा. शत्रू पुढं कुठं मारणार ते आधी दाखवतो. वीजग्रिड अख्ख्या मोहिमेला एकच, ते शून्यावर आलं की खेळ खलास. उधारी नाही, बाजार नाही, तरी अन्याय झाला असं वाटत नाही. म्हणजे दिसणं पुरतं, महागड्या वाटेवाचून अडत नाही.

लूमवाला_पोरगा
पहिल्यापासून हेच बोंबलतोय मी.

सातरस्ता
तो डाव एका बैठकीत संपतो हो. हरलात तर लगेच दुसरा. सिव्हचा डाव आमच्याकडं आठवडा चालतो. बुधवारी मेलेला डाव रविवारपर्यंत कोण ओढणार? लांब डावाला वाट लागतेच.

लूमवाला_पोरगा
मग रविवारी बसू. हिरोज ३, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं. नकाशा गंधकभाऊ करतील. मला कॅसल (देवदूतांच्या फौजेचं शहर) द्या, माझ्या बाजूला रत्नांची खाण ठेवू नका. बाजार बांधणार नाही.

गंधक_संपलं
बाजाराशिवाय सिटी हॉलच (रोजचं सोनं वाढवणारी इमारत) होत नाही, विसरलास का? बांधायचा, पण सौदा करायचा नाही, असं इथं लिहून दे. आणि देवदूतांच्या इमारतीला चारही दुर्मिळ साधनं प्रत्येकी १० लागतात. खाण नको म्हणताना विचार कर.

लूमवाला_पोरगा
बांधतो, सौदा करत नाही. दिलं लिहून. खाण नको म्हणजे नको.