फेरफार क्रमांक टाकला म्हणजे नोंदीचा आधार नोंदवला का?

गटनंबर: सातबाऱ्याच्या डेटाबेसबद्दल परवा कुणीतरी ठासून लिहिलं, "हक्काच्या नोंदीशेजारी फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाचा एक रकाना असला की नोंदीचा आधार नोंदवून झाला." साफ चूक. नोंदीला बळ कशाचं, ते फेरफाराच्या पोटात असतं: खरेदीखत, वारस, बोजा (जमिनीवरचं कर्ज) की कोर्टाचा हुकूम. त्याला वेगळं टेबल हवं. शिवाय क्रमांक गावापुरता असतो. गावाचा कोड जोडला नाही तर दोन गावांचे १४८७ एकमेकांत मिसळतात. दस्तालाही दुय्यम निबंधक कार्यालय, वर्ष आणि क्रमांक, तिन्ही लागतात.

नमुनासहा: तलाठ्याला किती रकाने भरायला लावणार? सक्ती केली की यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळे होतील. रिकाम्या रकान्यापेक्षा खोटा आधार वाईट. स्कॅन आहे ना, उघडा आणि वाचा.

गटनंबर: एक कोर्टहुकूम फिरला तर त्यावर कोणकोणत्या नोंदी उभ्या आहेत, हे स्कॅनवरून शोधून दाखवा! सक्तीचं मात्र बरोबर. 'आधार पाहिलेला नाही' हाच पर्याय पहिला ठेवू.

अपीलवाला: खरं दुखणं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५. ते लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिण्यातल्या चुकांसाठी. हस्तलिखितातले ४० आर संगणकावर ४ झाले, ठीक, दुरुस्त करा. पण त्याच कलमाखाली हिस्सेदाराचं नाव वाढवणं ही दुरुस्ती नव्हे, तो हक्काचा वाद आहे. आदेश कुणाचा, आधी काय होतं, कोणत्या मूळ पानाशी ताडलं, हे नोंदवल्याशिवाय १५५ ची नोंद घेऊच नये.

नमुनासहा: सगळ्यांना चोर ठरवू नका. संगणकीकरणातल्या चुका दुसऱ्या कशाखाली निस्तरायच्या?

अपीलवाला: चोर कोण म्हणालं? समजा, वारस फेरफार १४८७ ने तीन भाऊ लागले. बहिणीच्या अपिलात प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) तो रद्द केला, १६०२ ने चार नावं लागली. तुमच्या एका रकान्यात १६०२ येतो, १४८७ गायब. मधल्या काळात बँकेने बोजा चढवला तो कोणत्या नोंदीच्या भरवशावर? ओळ पुसायची नाही. 'पासून', 'पर्यंत' आणि 'कोणत्या फेरफाराने रद्द' लिहायचं. कागदावर नावाला कंस करत, तो याचसाठी.

नमुनासहा: कंसाचं मान्य, नाइलाजाने. पण त्याच संहितेच्या कलम १५७ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच धरतात. तुमचे रकाने ते बदलत नाहीत.

गटनंबर: १५७ पुन्हा वाचा. फेरफार नोंदवहीतली नोंद खरी धरतात ती प्रमाणित असेल तरच. म्हणून तर स्थिती हवी: प्रलंबित, तक्रारी (हरकत आलेली), प्रमाणित, रद्द, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याची तारीख. तलाठ्याने नोंद घातल्याची तारीख वेगळ्या रकान्यात.