चित्रपट पडद्यावरून घरी येईपर्यंतचा काळ कोण ठरवते?

प्रश्न: तिसरी रांग

चित्रपटगृहात पाहायचा राहून गेलेला चित्रपट पूर्वी घरी पाहायला मिळेपर्यंत त्याचे नावही विस्मरणात गेलेले असे. आता पोस्टर उतरण्याआधीच तो ओटीटीवर कधी येणार याची चर्चा सुरू होते. डिजिटल प्रत पहिल्या दिवसापासून तयारच असते, मग मध्ये थांबायचे कशासाठी? हा काळ कायद्याने ठरतो, कराराने की निर्मात्याच्या मर्जीने?

आणखी एक शंका आहे. माझ्याकडे पॅल या जुन्या टीव्ही-प्रसारणाच्या पद्धतीच्या काही व्हिडिओ कॅसेटी आहेत. त्यांतल्या एका चित्रपटाची मूळ लांबी १२० मिनिटे आहे, पण घड्याळ लावून पाहिले तर कॅसेट ११५ मिनिटांत संपते. एकही प्रसंग गाळलेला जाणवत नाही. मग ही पाच मिनिटे गेली कुठे?

प्रतिसाद: करारपत्र

थांबण्याचे कारण तांत्रिक नसून निव्वळ व्यापारी आहे. ज्याला पहिल्याच आठवड्यात चित्रपट पाहायचा असतो तो माणशी तिकीट काढतो; ज्याला तेवढी घाई नसते तो घरी एकदाच भाडे भरतो आणि तेवढ्यात अख्खे घर पाहून घेते; ज्याला मुळीच घाई नसते तो महिन्याच्या वर्गणीत किंवा जाहिराती सोसून फुकट पाहतो. हे तिन्ही मार्ग एकाच दिवशी खुले केले, तर पहिल्या गटातले पुष्कळ लोक खालच्या पायरीवर उतरतील. म्हणून पायऱ्यांमध्ये अंतर ठेवले जाते, आणि धंद्यात त्याला ‘विंडो’ म्हणतात.

नवे माध्यम आले की या अंतरावरून भांडण ठरलेलेच. टीव्हीवरचे कार्यक्रम घरी कॅसेटवर मुद्रित करणारी यंत्रे, म्हणजे सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये, आल्यावर युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी सोनीवर दावा ठोकला. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून घरी मुद्रित करून ठेवणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने दिला. गंमत अशी, की ज्या यंत्राला बंद पाडायला स्टुडिओ निघाले होते, त्यानेच त्यांची तिजोरी भरली; ते दशक संपण्याआधीच अमेरिकेत घरगुती व्हिडिओचे उत्पन्न तिकीटबारीच्या पुढे गेले होते.

अमेरिकेत हा काळ कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. तो वितरक आणि चित्रपटगृहांच्या साखळ्या यांच्यातल्या करारांवर चालतो. म्हणूनच तो झटक्यात बदलू शकतो. एप्रिल २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद असताना युनिव्हर्सलने एक मोठा ॲनिमेशनपट थेट घरी, पैसे भरून पाहण्यासाठी आणला, तेव्हा एएमसी या साखळीने युनिव्हर्सलचे चित्रपटच लावणार नाही असे जाहीर केले. जुलैमध्ये दोघांचा समझोता झाला: निदान १७ दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार, चित्रपट पडद्यावर राहील आणि पुढे घरबसल्या येणाऱ्या पैशांत साखळीलाही वाटा मिळेल. वॉर्नर या स्टुडिओने तर २०२१ मधले आपले चित्रपट अमेरिकेत पडदा आणि एचबीओ मॅक्स ही आपली ओटीटी सेवा अशा दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी आणले आणि पुढच्या वर्षी ते ४५ दिवसांच्या अंतरावर परतले.

फ्रान्समध्ये मात्र सगळे बांधून दिलेले आहे. तिथे उद्योगातल्या घटकांनी आपसांत केलेला करार सरकारी आदेशाने सर्वांना लागू होतो. २०२२ च्या करारानुसार पडद्यावर आल्यापासून डीव्हीडीसारखी डिस्क चार महिन्यांनी, कनाल प्लस ही सशुल्क वाहिनी सहा महिन्यांनी आणि नेटफ्लिक्स पंधरा महिन्यांनी, असा क्रम लागला.

प्रतिसाद: मॅटिनी

वरील विवेचन पटले, पण ते मोठ्या चित्रपटांच्या बाजूने झुकलेले आहे. लहान चित्रपट दुसऱ्या आठवड्यातच पडद्यावरून उतरतो आणि नंतरचे काही महिने तो कुठेच नसतो. लोकांच्या कानावर नाव गेलेले असते तेव्हा तो पाहता येत नाही, आणि पाहता येतो तेव्हा नव्याने जाहिरात करायला पैसा उरलेला नसतो. फ्रान्सच्या नियमातही याची दखल आहे: चार आठवड्यांत एक लाखाहून कमी तिकिटे विकली गेली, तर डिस्कसाठी चारऐवजी तीनच महिने थांबावे लागते. माझ्या मते ही सवलतही तुटपुंजीच आहे.

प्रतिसाद: रीळ क्रमांक सात

पाच मिनिटांचे कोडे सोपे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो आणि पॅल टीव्ही २५ चौकटी दाखवतो. कॅसेटसाठी प्रत करताना चित्रपट सरळ २५ च्या वेगाने पळवत असत. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, आणि आवाजाची पट्टीही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. नायकाचा आवाज चित्रपटगृहात जास्त भारदस्त वाटला होता, अशी तक्रार कोणी केली असेल, तर ती खरी मानावी.

वेळेत काही कापलेले नाही. कापले आहे ते कडेने. तुमचा चित्रपट २.३५:१, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद, अशा चौकटीतला असेल, तर जुन्या ४:३ टीव्हीचा पडदा भरून टाकताना चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग बाहेर राहतो. लांब मेजाच्या दोन टोकांना बसून दोघे बोलत असतील, तर चौकट एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे सरकवावी लागे. मूळ चित्रात नसलेली ही कॅमेऱ्याची हालचाल प्रत करणाऱ्या तंत्रज्ञाने नंतर घातलेली असे. टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला परत खेचण्यासाठीच १९५३ मध्ये सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरी रांग

सर्वांचे आभार. काल पुन्हा घड्याळ लावले. ११५ मिनिटे आणि वर काही सेकंद भरले. चित्रपट रुंद चौकटीतलाच आहे. न्यायालयातल्या प्रसंगात डाव्या कडेला एक हात सतत कागद पुढे सरकवतो. इतकी वर्षे तो दिग्दर्शकाने मुद्दाम तेवढाच दाखवला आहे, असे मी समजत होतो.