'हाकोइरी मुसुमे'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : एका जपानी कथेचं भाषांतर करतेय. १९२०च्या आसपासचं क्योतो, कापडाचे व्यापारी. धाकटीचं लग्न जमवणारी बाई मुलाकडच्यांना सांगते, मुलगी 'हाकोइरी मुसुमे' आहे. हाको म्हणजे पेटी, इरी म्हणजे आत असलेली, मुसुमे म्हणजे मुलगी. 'पेटीतली मुलगी' लिहिलं तर वाचकाला खुनाची गोष्ट वाटेल! सध्या 'लाडावलेली' लिहिलंय, पण पटत नाही.

उत्तर : लाडावलेली नकोच. ती हट्ट करते, पाय आपटते. 'तळहाताच्या फोडासारखी जपलेली' चालेल. नाहीतर आपला जुना 'असूर्यंपश्या', म्हणजे सूर्यही न पाहिलेली.

उत्तर : असूर्यंपश्या राजाच्या अंतःपुरात शोभते. कापडवाल्याच्या ओटीवर बसून कोण असं बोलेल? आणि फोड जपतात तो दुखतो म्हणून. पेटीचं तसं नाही. जपानात चहाचा उत्तम कटोरा लाकडी पेटीत ठेवतात, झाकणावर कारागिराची सही असते, आणि पेटी हरवली तर कटोऱ्याची किंमत उतरते. त्या शब्दात माया आहेच, पण भावही आहे. मध्यस्थ बाई (त्यांची 'नाकोदो') तो भावच सांगतेय.

गंमत म्हणजे सासरी जाण्याला 'योमेइरी' म्हणतात. इरी तीच. योमे म्हणजे नवरी, सूनसुद्धा. तिच्या चित्रलिपीत 'बाई'शेजारी 'घर' काढतात. म्हणजे एका 'आत'मधून दुसऱ्या 'आत'मध्ये. ३ मार्चच्या सणाला मांडलेल्या बाहुल्या वेळेवर आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं, असाही समज आहे. बाहुल्या पेटीत गेल्या की मुलगी पेटीबाहेर!

प्रश्न : बाहुल्या कथेत आहेत! मी तो परिच्छेद गाळणार होते. बरं, 'ओमिआइ'ला कांदेपोहे लिहू?

उत्तर : अहो ताई, क्योतोत पोहे कुठले! 'बघण्याचा कार्यक्रम' लिहा. 'मिआइ'चा शब्दशः अर्थ एकमेकांना पाहणं, पण लांब बाह्यांचा फुरिसोदे नेसलेली ही मुलगी मान वर करील तर ना. 'मुलीने होकार दिला' असं मात्र सहज लिहू नका. १८९८च्या नागरी कायद्यात मुलीला २५ वर्षांपर्यंत आणि मुलाला ३० पर्यंत लग्नासाठी आईवडिलांची संमती लागे, घराच्या प्रमुखाचीही. केवळ दोघांच्या संमतीने लग्न, हे १९४७च्या संविधानातल्या कलम २४ने आणलं. तुमच्या कथेत होकार घराचा आहे.

उत्तर : मूळ शब्दाला माझं मत : 'मुलगी फार जपलेली आहे हो, बाहेरचं वारं लागलेलं नाही.' बाई हे मिरवून सांगेल. हेच वाक्य जावेने नाक मुरडून म्हटलं की टोमणा होतो. जपानीतही तसंच, हाकोइरीपासून 'सेकेन-शिराझु', म्हणजे जगाची जाण नसलेली, फार दूर नाही.

प्रश्न : घेतलं, 'बाहेरचं वारं'! एकच अडचण. शेवटी ती स्वतः मैत्रिणीला हसून म्हणते, 'मी हाकोइरी ना!' तिथेही वारं?

उत्तर : नको. तोवर वाचकाने बाहुल्या आवरताना पाहिल्यात. तिथे तिला 'पेटीतली'च म्हणू द्या.