उजवीकडे उंच सायलेन्सर, मागे कॅरिअर नाही: सॉफ्ट बॅगा कोणत्या घ्याव्यात?

रानवाट

गाडी साधारण २०० सीसीची, हलकी, सायलेन्सर उजव्या बाजूने वर गेलेला. कॅरिअर नाही, बाजूला रॅक नाहीत, आणि एवढ्यात बसवायचेही नाहीत. एकटीच फिरते. तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, दुरुस्तीची थोडी हत्यारं एवढंच सामान. आजवर सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये घालून भागवलं, पण दुपार झाली की खांदे बोलायला लागतात आणि माकडहाड त्यांना साथ देतं.

हार्ड बॉक्स नकोत. खडीच्या रस्त्यावर जाणं होतं, गाडी आडवी पडणं गृहीत धरलंय. मग सीटवरून दोन्ही बाजूंना टाकायच्या बॅगा घ्याव्यात की मागे एकच टेल बॅग? जाहिरातीत कुणी १६८० डेनिअर लिहितं, कुणी ५००. जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊ का? आणि बॅगच वॉटरप्रूफ हवी की वरून रेनकव्हर घातलं तरी चालतं?

टाकेवाला

ताई, मी बॅगा विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे माझ्याकडे बॅग येते ती मेल्यावर. कशाने मेली ते सांगतो, त्यावरून निवड सोपी जाईल.

मधोमध कापड फाटलेली बॅग क्वचित येते. येतात त्या पट्टा शिवणीतून उपटलेल्या, बकल तुटलेल्या, चेनचे दात सुटलेल्या. आणि एक कोपरा सायलेन्सरने खाल्लेल्या. म्हणून डेनिअरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन किती, एवढंच तो सांगतो. धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा, वीण घट्ट की सैल, आतलं कोटिंग कसं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. चांगल्या विणीचं ५०० डेनिअर नायलॉन घासाला टिकतं आणि १६८० लिहिलेलं ढिलं पॉलिस्टर त्याच्या आधी मान टाकतं, हे माझ्या मशिनवर नेहमीचं आहे. पॉलिस्टरचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो, उन्हात ते नायलॉनपेक्षा बरं टिकतं.

बॅग हातात आली की आधी उलटी करा आणि पट्टा कुठे जोडलाय ते शोधा. दोन कापडांच्या कडेत नुसता दाबून शिवला असेल तर तिथेच ठेवून द्या, आत कितीही कप्पे असोत. पट्ट्याच्या टोकाला चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी, किंवा आडवे दाट टाके. सगळ्यात उत्तम म्हणजे एकच पट्टा बॅगच्या पोटाखालून सलग पलीकडे गेलेला. मग वजन पट्टा पेलतो, कापडाला फक्त सामान आत ठेवायचं काम उरतं. पट्टा धरून बॅगला जोरात हिसका द्या आणि टाक्यांकडे बघा. भोकं ताणून मोठी दिसली तर बॅग परत ठेवा.

आता सायलेन्सर. नायलॉन प्रकाराप्रमाणे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं. पीव्हीसी तर १०० अंशांच्या आतच मऊ पडतं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ याच्या कितीतरी पुढे जातो. उभ्या गाडीवर चार बोटं जागा दिसते म्हणून खूश होऊ नका. सामान भरल्यावर बॅग खाली बसते, खड्ड्यात आणखी खाली येते. बॅगा भरून बांधा, कुणाला तरी मागे बसवून सीट दाबायला सांगा आणि तेव्हा मोजा. त्याच वेळी डाव्या बाजूला चाक आणि चेनही बघून घ्या. रॅक नसेल तर बाजूची बॅग आत झुलते, आणि एकदा का चाकाने तिला पकडलं की पुढचं सांगायला नको. पत्र्याचं हीट शील्ड लावणार असाल तर पाइप आणि पत्रा यांच्यात हवा खेळली पाहिजे. चिकटून बसलेलं शील्ड स्वतःच तापतं.

तुमच्या गाडीला मी सरळ सांगेन: दोन सारख्या लोंबत्या बॅगा नकोत. एकट्याच असता, मागची सीट मोकळी आहे. ३०-४० लिटरची टेल बॅग आडवी, अंगाला जवळ. नाहीतर घोड्याच्या नालेच्या आकाराची, सीटला मागून वळसा घालणारी बॅग मिळते, रॅकशिवाय बसते, तिचे पाय दोन्ही बाजूंना येतात पण आखूड असतात. त्यात उजवा पाय सायलेन्सरच्या वर राहतो का, एवढं बघा.

पाचवा_गिअर

रेनकव्हरबद्दल: वेगात ते फुग्यासारखं फुगतं, आणि मागच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून येतं, जिथे कव्हर उघडंच असतं. पावसातून गेल्यावर कव्हरच्या तळाशी तळं साचलेलं सापडतं. तोंड गुंडाळायची रोलटॉप बॅग घ्या. हवा दाबून काढायची, तोंडाला निदान तीन वळसे द्यायचे, मग बकल लावायचं. दोन वळशांवर बंद होत असेल तर तुम्ही बॅग कोंबून भरली आहे.

टाकेवाला

गिअरभाऊंशी अर्धा सहमत. रोलटॉपमध्ये तळाची वस्तू हवी असली की रस्त्याच्या कडेला सगळा संसार मांडावा लागतो. शिवाय शिवलेली बॅग आणि वेल्ड केलेली, म्हणजे उष्णतेने जोडलेली बॅग यांत फरक आहे. सुई गेली की भोक पडतं. आतून शिवणीला टेप नसेल तर कापड कितीही जलरोधक असू दे, पाणी शिवणीतून येणार. वेल्ड केलेल्या पीव्हीसी किंवा टीपीयू प्लास्टिकच्या बॅगला भोकच नसतं, पण ती फाटली की मीही तिला शिवून देऊ शकत नाही, ठिगळ आणि गोंद एवढाच इलाज. बॅगवर पाणी अडवण्याचा आयपीएक्स आकडा लिहिलेला असतो: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स६ म्हणजे जोराचा झोत, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गाडीवर झोताचा आकडा कामाचा. पाण्यात बुडवून कुणी प्रवास करत नाही.

माझी पसंती: बाहेरची बॅग दणकट शिवलेली, आत वेगवेगळ्या रंगांच्या जलरोधक पिशव्या. कपडे एकीत, स्लीपिंग बॅग दुसरीत. ओला तंबू कायम बाहेर, वरच्या पट्ट्यांखाली. बॅगला चेन असेल तर ओढायच्या आधी धूळ झटकत जा.

ऊनपाऊस

हार्ड बॉक्स नको हा निर्णय बरोबर. खडीवर पाय टेकवायला गेलं आणि गाडी मागे-पुढे सरकली की पोटरी बॉक्सखाली अडकते. सॉफ्ट बॅग दबते. फक्त लक्षात असू द्या, ब्लेडने कुणीही ती चिरू शकतं. कुलपाचा देखावा करण्यापेक्षा एका झटक्यात अख्खी निघणारी बॅग घ्या आणि मुक्कामाला सोबत उचलून न्या.

रानवाट

सगळ्यांचे आभार. दादा, सांगितल्याप्रमाणे सीट दाबून बघितलं, जुन्या पिशव्यांत गाद्यांच्या खोळी कोंबून. उजवीकडे लोंबती बॅग चक्क पाइपला टेकते. म्हणजे टेल बॅगच. मॅन्युअलमध्ये एकूण वजनाची मर्यादा दिलीय, त्यातून गाडीचं आणि माझं वजा केलं तरी बरीच जागा उरते. घरी बंजी (हुकांच्या रबरी दोऱ्या) पडल्यात, त्या चालतील का? आणि सगळं मागे गेल्याने पुढचं चाक हलकं होईल का?

टाकेवाला

जागा उरते ती पूर्ण गाडीची. एकट्या मागच्या भागावर किती टाकायचं ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तोच आकडा पाळा, सबफ्रेम (सीटखालचा मागचा सांगाडा) सगळं पेलत नाही.

बंजी नको. हूक सुटला की थेट डोळ्यावर येतो, आणि ताणणाऱ्या दोरीवर बॅग प्रत्येक खड्ड्याला इंचभर सरकते. न ताणणारे, दात्यांच्या बकलचे पट्टे घ्या, चार ठिकाणी. अडकवायचे फ्रेमला. इंडिकेटरच्या दांडीला किंवा प्लास्टिकच्या पॅनलला नाही. पट्टे पॉलिस्टरचे मिळाले तर बरं, नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो, पावसात थांबून पुन्हा ओढावा लागतो. उरलेली टोकं गुंडाळून खोचा, लोंबतं टोक चेनने ओढून घेतलं तर मागचं चाक जागीच जाम होतं. पॅनलवर पट्टा घासतो तिथे पारदर्शक फिल्म लावा, खाली धूळ अडकली की तो पट्टा सँडपेपरसारखा रंग खातो.

पुढचं चाक हलकं होतंच, प्रश्न किती एवढाच. बॅग जितकी मागच्या अक्षाच्या मागे जाईल तितकं हँडल थरथरतं. म्हणून बॅग तुमच्या पाठीला टेकेपर्यंत पुढे ओढा, हत्यारं तिच्या तळाशी पुढच्या बाजूला, स्लीपिंग बॅग मागे. हत्यारं पेट्रोलच्या टाकीवरच्या टँक बॅगमध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पडलात तर पाना छातीत बसेल. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा, टायरमध्ये हवा भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी. मागचा दिवा आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, ते दहा पावलं मागे जाऊन बघा.

निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून पट्टे एकदा ओढा, सामान बसतं तसे ते सैल पडतात. बॅग आली की बांधून दोन्ही बाजूंचा फोटो टाका, पट्टे कुठे अडकवलेत ते बघून सांगतो.